दिवलीची माणसं

"ताई, एक विचारू का? या लोकांपैकी तुम्ही प्रत्यक्ष कुणाला भेटलायत?"

फोनवर प्रतिभा वळवी होत्या. नंदुरबारकडच्या आश्रमशाळांमध्ये वाचनालयं चालवणाऱ्या एका संस्थेत त्या काम करत. माझ्या पुढ्यात एका कादंबरीची प्रुफं पडली होती, अर्धं लक्ष तिकडे होतं. मी म्हणून गेले, "अहो, सगळ्यांना ओळखते की."

"ओळखता हो. भेटलायत का?"

"नाही."

"फोनवर बोललात?"

मी पेन खाली ठेवलं. "तेंडोलकरांशी एकदा बोलले होते. ते 'बरं' म्हणाले आणि ठेवून दिला."

प्रतिभाताई हसल्या नाहीत. "राग मानू नका. आमच्या शाळांमधले सगळे संगणक आम्ही दिवलीवर न्यायचं म्हणतोय. उद्या काही झालं तर मुलांना आणि गुरुजींना तोंड मला द्यायचंय. म्हणून आमची अट आहे, चावी निदान दोघांकडे हवी. तेंडोलकर लिहितात, दुसरी चावी गिरीश पोफळेंना देणार. हे पोफळे कोण?"

"नागपूरचे आहेत. फार हुशार माणूस."

"कशावरून?"

"दोन दिवसांत सांगते," म्हणून मी फोन ठेवला आणि उगाच अस्वस्थ झाले.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. कोल्हापुरात घरी बसून मी मुद्रितशोधनाची कामं करत असे. माझा संगणक इतका रखडायला लागला होता, की दुरुस्तीवाल्याने हात टेकले आणि त्यावर दिवली घालून दिली. दिवली म्हणजे लिनक्सवर बांधलेली, फुकट मिळणारी मराठी संगणकप्रणाली. मोडकळीला आलेल्या यंत्रांवरही ती सुरळीत चालायची. वेंगुर्ल्याचे शशिकांत तेंडोलकर ती एकटेच बांधत होते. संगणक सुरू झाला आणि पहिल्याच पाटीवर 'आपले स्वागत आहेत' असं उमटलं. मला राहवेना. दिसल्या तेवढ्या चुका काढून मी तेंडोलकरांना पाठवून दिल्या. उत्तर आलं, 'दुरुस्त केलं. चावडीवर या.'

चावडी ही दिवलीवाल्यांची इंटरनेटवरची बोलायची जागा. वापरणारे बरेच होते, पण काही अडलं की यायचे, विचारायचे आणि निघून जायचे. नेमाने असायचो ते आम्ही पाच जण. तेंडोलकर स्वतः, जे दोन शब्दांच्या वर सहसा लिहीत नसत. 'बघतो.' 'झालं.' 'उद्या.' नागपूरचे गिरीश पोफळे, जे नवख्यांना न कंटाळता समजावून सांगायचे आणि मधूनमधून गमतीही करायचे. लातूरचे बिराजदार, जे फक्त भांडायला यायचे. आणि पुण्याची सुमेधा.

सुमेधा सूचनांचे अनुवाद करायची, मी तपासायचे. माझी आई शेवटच्या आजारात अंथरुणावर होती त्या दिवसांत, दुपारी तिला झोप लागली की मी चावडी उघडायचे. सुमेधाचा निरोप असायचाच. आज आईंनी काही घेतलं का? तुम्ही जेवलात का? माझ्या सख्ख्या बहिणीने एवढी चौकशी केली नव्हती. आई गेली तेव्हा मी सगळ्यात आधी सुमेधाला कळवलं होतं.

प्रतिभाताईंच्या फोननंतर मी चावडीवरचं मागचं सगळं पुन्हा वाचायला घेतलं. चावीवरून वाद गेले दोन-तीन महिने पेटला होता. चावी म्हणजे तेंडोलकरांच्या सहीची चावी. दिवलीत काही सुधारणा झाली, की ती त्यांच्या सहीनिशी सगळ्यांच्या संगणकांवर जायची, आणि सही बघून संगणक ती मुकाट आत घ्यायचे. चावी ज्याच्या हातात, तो शेकडो यंत्रांत काय वाटेल ते घुसवू शकत होता.

बिराजदारांनी लिहिलं होतं, 'तेंडोलकर, तुमच्याने आता होत नाही; पण तुम्हाला सोडवतही नाही. चावी पोफळ्यांना द्या आणि मोकळे व्हा.' सुमेधाने लिहिलं होतं, 'शब्द कडू आहेत; पण मलाही तेच वाटतं. शशिकांतना विश्रांती हवी.' पोफळे नम्रपणे म्हणत होते, 'मला घाई नाही; पण सगळ्यांची इच्छा असेल तर जबाबदारी घेईन.' आणि तेंडोलकर म्हणत होते, 'विचार करतो.'

आधी वाचताना मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटलं, हे तिघं मिळून एका दमलेल्या माणसाला कोपऱ्यात ढकलतायत.

मी पोफळ्यांना खाजगी निरोप धाडला, की तुमच्याशी जरा बोलायचं होतं, फोन नंबर द्याल का? उत्तर आलं, 'आमच्याकडे नेटवर्कची बोंब आहे, लिहूनच बोलू.' नागपुरात नेटवर्क नाही? मग बिराजदारांना लिहिलं, की माझी भाची लातूरला दिलीय, मी तिकडे येतेय, गंजगोलाईजवळ पुस्तकाचं बरं दुकान कुठलं? ते म्हणाले, 'मी शहरात फारसा जात नाही. तुम्हीच चौकशी केलेली बरी.' एरवी नको तिथे सल्ला देणारा हा माणूस एका दुकानाचं नाव सांगेना.

माझा धंदा असा, की वाक्याचा अर्थ कळायच्या आधी त्यातली चिन्हं दिसतात. 'पण'च्या आधीचा तो अर्धविराम मला आता टोचायला लागला. हल्ली अर्धविराम वापरतं कोण? छापील पुस्तकांतसुद्धा तो क्वचित भेटतो. इथे इंटरनेटवर घाईघाईने लिहिणारी माणसं, आणि 'पण'च्या आधी न चुकता अर्धविराम. पोफळेही तेच, बिराजदारही तेच.

मग मी त्या दोघांचं लिखाण कागदावर छापून काढलं आणि प्रुफं वाचतात तसं ओळीवर पट्टी ठेवून वाचलं. पोफळ्यांच्या एका मजकुरात होतं, 'हे काम आगोठीच्या आत उरकायला हवं.' वर्षभरापूर्वी बिराजदार चिडून म्हणाले होते, 'तुमची सुधारणा काय आता आगोठ उलटल्यावर येणार?' आगोठ हा समुद्रकाठचा शब्द. पावसाळा तोंडावर आला की कोकणात घरोघर साठवण करतात, होड्या ओढून घेतात, त्या दिवसांना आगोठ म्हणतात. नागपूरच्या आणि लातूरच्या माणसाच्या तोंडी तो येतोच कुठून?

हे दोघं एकच होते. कुणीतरी कोकणातला माणूस दोन नावं घेऊन वर्षानुवर्षं चावडीवर बसला होता. एका नावाने विश्वास कमवत होता, दुसऱ्या नावाने तेंडोलकरांना टोचत होता, आणि आता शाळांमधले सगळे संगणक दिवलीवर येणार तर नेमकी चावी मागत होता.

सुमेधाचं लिखाण मी छापलं नव्हतं. तिची शहानिशा करायची माझी इच्छाच नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी ते टाळलं. मग आईच्या आजारपणातले तिचे जुने निरोप उघडले. पहिल्याच निरोपात होतं, 'थोडी झोप घ्या; पण आधी जेवून घ्या.'

मी संगणक बंद केला आणि घरातल्या घरात नुसती फिरत राहिले.

तेंडोलकरांना सविस्तर लिहिलं. चावी कुणालाही देऊ नका, तुमची फसवणूक होतेय, माझ्याकडे पुरावा आहे. उत्तर आलं, 'बघतो.' फोन केला, तो उचलला गेला नाही. आणि संध्याकाळी चावडीवर त्यांची सूचना लागली, 'रविवारी चावी पोफळे यांच्याकडे.'

शनिवारी सकाळी मी वेंगुर्ल्याची एसटी धरली. दिवलीच्या माहितीत त्यांचा पत्ता होता, उभादांड्याचा. आंबोलीचा घाट उतरेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. समोरचा माणूस किती भोळा असेल, त्याला हे कसं पचेल, याचीच मला काळजी. मे महिन्याचं ऊन होतं. रिक्षातून उतरल्यावर एका बाईंना घर विचारलं.

"शशीकडे?" त्यांनी मला खालवर न्याहाळलं. "शशीकडे तर कोणच येणा नाय. तां बघा, निळ्या दाराचा."

निळं दार एका उंच, किडकिडीत माणसाने उघडलं. वय पंचेचाळीसच्या आसपास, कपाळ मोठं, डोळे बावरलेले. मी नाव सांगताच ते एक पाऊल मागे सरले.

"वसुधाताई? तुम्ही इथे?"

"फोन उचलत नाही म्हटल्यावर काय करणार? आत येऊ ना?"

आत दोन खोल्या. एका खोलीत खाटेवर त्यांचे वडील पडून होते. "बाबांची वाचा गेलीय," तेंडोलकर हळू आवाजात म्हणाले. "पुण्यातली नोकरी सोडून आलो त्याला आता नऊ वर्षं होतील." दुसऱ्या खोलीत एक टेबल, दोन संगणक, खिडकीशी खुर्ची. खुर्ची एकच. ते माझ्यासाठी आतून स्टूल शोधून घेऊन आले, मग कोकम सरबत केलं, मग साखर कमी पडली का विचारलं, मग उभेच राहिले.

"बसा," मी म्हटलं. "आणि मी सांगते ते नीट ऐका. पोफळे आणि बिराजदार ही दोन माणसं नाहीत. एकच आहे. आणि..." इथे मी सरबताचा पेला खाली ठेवला. "आणि सुमेधाही तोच."

ते खिडकीतून बाहेर बघत होते. "कशावरून?"

मी पिशवीतून कागद काढले. अर्धविराम दाखवले. आगोठ दाखवली. नेटवर्क आणि पुस्तकाचं दुकान सांगितलं. त्यांनी कागद हातात घेऊन फार बारकाईने बघितले.

"माणूस कोकणातला आहे," मी म्हटलं. "दक्षिण कोकणातला असणार. तुमच्या ओळखीचाही असेल. तुमच्यावर डूख धरून बसलेलं कुणी आहे का? दिवलीचा आतला कोपरा न् कोपरा त्याला माहीत आहे. तुम्ही केव्हा थकता, केव्हा रजेवर असता, ते सगळं त्याला..."

बोलता बोलता मी थांबले. तेंडोलकरांचे कान लाल झाले होते.

"बिराजदार जरा जास्तच बोलला," ते म्हणाले. "नाही?"

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. मी त्यांच्याकडे आणि टेबलावरच्या त्या दोन संगणकांकडे बघत राहिले.

"तुम्ही?"

त्यांनी मान डोलावली.

"तिघंही?"

"हो."

आतल्या खोलीत वडील खोकले. तेंडोलकर उठून गेले, पाणी पाजून परत आले. तेवढ्यात मी कागद गोळा करून पिशवीत घातले, पण उठले नाही.

"सुरुवात पोफळ्यापासून झाली," ते आल्यावर आपण होऊन बोलायला लागले. सलग एवढं बोलायची सवय नसलेला माणूस, प्रत्येक वाक्यानंतर धाप लागल्यासारखा थांबायचा. "एका शाळेने दिवली घेतली नाही. म्हणाले, एकट्या माणसाचं काम, उद्या तुम्हाला काही झालं तर? खोटं नव्हतं ते. मग मी पोफळ्याचं नाव घेतलं, प्रश्नांना उत्तरं द्यायला. लोकांना बरं वाटायचं, की दोघं आहेत. मलाही बरं वाटायचं. पोफळ्या माझ्यापेक्षा चांगलं बोलतो."

"आणि बिराजदार?"

"माझ्या चुका कुणी दाखवतच नव्हतं. लोक यायचे, थँक यू म्हणायचे आणि जायचे. मग मीच दाखवायला लागलो." ते किंचित हसले. "आणि गेल्या वर्षी वाटायला लागलं, पुरे झालं. पण थांबायचं कसं? कुणीतरी म्हणायला हवं होतं, की दमलास तू, ठेव आता खाली. कुणी म्हणेना. म्हणून बिराजदार म्हणाला."

"आणि चावी तुमच्याकडून तुम्हालाच."

"हो. प्रतिभाताईंची अट पुरी झाली असती. शाळांचं काम अडलं नसतं. ताई, प्रणालीत काही खोट नाही. तुम्ही कुणाकडूनही तपासून घ्या."

"मी प्रणालीचं बोलत नाहीये." माझा आवाज चढला. "माझी आई मरत होती, तेंडोलकर. मी रोज दुपारी एका मुलीला माझं मन सांगत होते. बाईमाणूस आहे म्हणून सांगत होते. आईला पुसताना मला काय वाटायचं ते सांगितलंय मी तिला. ते तुम्ही इथे बसून वाचत होतात?"

ते खाली बघत राहिले.

"बोला ना! आता का गप्प?"

"बाबांना पुसून झालं, की वाचायचो," ते म्हणाले. "तुम्ही जेवलात का ते मी खरंच विचारत होतो. माझ्या नावाने विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं नसतंत."

खरं होतं, सांगितलं नसतं. पण म्हणून माझा राग उतरला असं झालं नाही. मी उठून अंगणात आले. मघाची ती बाई कुंपणापाशी काजूच्या बिया वाळत घालत होती. बराच वेळ मी उभी होते. परतीची गाडी पकडावी, घरी जाऊन चावडीवर सगळं जाहीर करावं, असं मनात येत होतं. तसं केलं असतं तर हा माणूस त्या खोलीत काय करत बसला असता, तेही डोळ्यांपुढे येत होतं. आणि प्रतिभाताई माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

मी आत गेले, माझ्या मोबाइलवरून प्रतिभा वळवींना फोन लावला आणि तो तेंडोलकरांपुढे धरला.

"मी नाही बोलू शकत," ते कुजबुजले.

"पोफळे बोलणार असतील तर त्यांना बोलवा."

त्यांनी फोन घेतला. पहिली काही वाक्यं इतकी तुटक होती, की प्रतिभाताई "हॅलो, ऐकू येत नाहीये" म्हणत राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सुमेधाचंही सांगितलं. मी सांगायला लावलं नव्हतं.

मग प्रतिभाताईंनी विचारलं, "वसुधाताई तरी आहेत का? की त्याही...?"

"आहे हो," मी पुढे वाकून म्हटलं. "मी माझ्या तिकिटाने आलेय."

त्या हसल्या नाहीत. "या वर्षी आम्ही दिवली घेणार नाही," त्या म्हणाल्या. "खोटं बोललात म्हणून एक, आणि खरं असतं तरी तुम्ही एकटेच आहात म्हणून दुसरं. पण तेंडोलकर, आमच्याकडे दोन शिक्षक आहेत, संगणकाचं वेड असलेले. त्यांना शिकवाल? त्यांना पुरतं आलं की मग बघू."

"शिकवीन," तेंडोलकर म्हणाले.

"पोफळेंसारखं शिकवा. ते चांगलं समजावतात."

फोन ठेवल्यावर ते घामाघूम झाले होते. मी शेवटच्या गाडीची वेळ विचारली. ते स्टँडपर्यंत सोडायला आले.

रविवारी चावडीवर तेंडोलकरांनी स्वतःच्या नावाने पानभर मजकूर लिहिला. एकही गोष्ट झाकली नाही. पुढचे काही दिवस शिव्यांचे होते. काहींनी दिवली काढून टाकली, एकाने तर 'मग तुम्ही तेंडोलकर तरी आहात का?' असं विचारलं, आणि मला ते अगदीच गैर वाटलं नाही. मी स्वतः कितीतरी महिने चावडीवर कुणी नवीन आलं, की आधी त्याचे अर्धविराम तपासायचे. चंद्रपूरच्या एका ग्रंथपाल बाईंनी मदत करू का विचारलं तर मी त्यांना व्हिडिओवर यायला लावलं होतं. त्या आल्या, आणि वैतागून म्हणाल्या, "आधार कार्डही दाखवू का?" त्या आजही आहेत. नंदुरबारचे ते दोघे शिक्षक आले. मग आणखी आले. गप्प राहून वापरणाऱ्यांतले कितीतरी जण, काम एकच माणूस करतोय हे कळल्यावर पुढे झाले. एवढी माणसं मदतीला आहेत म्हटल्यावर आपली गरज काय, असं त्यांना तोवर वाटत होतं. वर्षभराने दुसरी चावी त्या दोघा शिक्षकांकडे गेली आणि नंदुरबारच्या शाळाही दिवलीवर आल्या.

सुमेधाचं खातं बंद करण्यापूर्वी तेंडोलकरांनी माझी परवानगी मागितली. मी म्हटलं, करा. पण ते निरोप मी कधी पुसले नाहीत, आणि पुन्हा उघडलेही नाहीत. तेंडोलकरांशी माझं बोलणं सुरू राहिलं, कामापुरतं. त्यांनी मला कधी जेवलात का विचारलं नाही.

दोन वर्षांनी त्यांचे वडील गेले. मी कळल्यावर फोन केला, त्यांनी "हो" म्हटलं आणि ठेवला. वडिलांचं दिवसकार्य होईपर्यंत त्यांनी संगणक उघडला नाही. नेमक्या त्याच दिवसांत दिवलीत एक मोठी त्रुटी सापडली, शाळांची छपाईयंत्रं बंद पडायला लागली. दोघा शिक्षकांनी ती शोधली, ग्रंथपाल बाईंनी चार यंत्रांवर तपासली, सूचनेचं मराठी मी नीट केलं, आणि नंदुरबारच्या चावीने सही होऊन सुधारणा सगळीकडे गेली. वेंगुर्ल्याला कुणी विचारलंही नाही, त्यांच्या घरी सुतक होतं म्हणून.

नंतर एका सकाळी त्यांचा फोन आला. आपण होऊन केलेला पहिला.

"ताई, मी आत्ता बघितलं. सुधारणा गेली."

"हो. चार-पाच दिवस झाले."

"मी नव्हतो," ते म्हणाले.

"नव्हतात."

"तरी गेली."

मी "हो" म्हटलं. त्यांच्या आवाजात आनंद होता की आणखी काही, ते मला ओळखू आलं नाही. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, त्यांनी फोन मात्र ठेवला नव्हता.